कागदाची पट्टी आणि दाण्यातले विष



मक्याच्या साठवणीवर रेडिओवरून आम्ही बोललो, तेव्हा दाण्यातले विष ओळखणाऱ्या कागदाच्या पट्टीचा ओझरता उल्लेख झाला होता. दुसऱ्याच दिवशी शेगाव तालुक्यातून एका ताईंचा फोन आला. त्यांनी विचारले, "भाऊ, तुमच्या त्या पट्टीनं आमच्या रेशनचा गहू तपासता येते काय?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही येत. पण एवढ्यावर फोन ठेवून मोकळे व्हावे, असा हा प्रश्न नव्हता. पट्टी काय ओळखते, काय ओळखत नाही आणि कोणाच्या हातात पडली तर फसवते, हे नीट सांगितल्याशिवाय त्या 'नाही'ला अर्थ नाही. म्हणून हे पत्रक.

शेगावकडे काय घडले

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस गळू लागले. कंगव्यात चार केस अडकावेत तसे नव्हे. डोक्यावरून हात फिरवला की पुंजकाच हाती यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणी सुटले नाही. पुढच्या काही आठवड्यांत १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. कोणी शाम्पूवर संशय घेतला, कोणी बुरशीवर, कोणी पाण्यावर. तरण्या पोरांनी लाजेने डोकीच भादरून टाकली. मुलींच्या घरी काय झाले असेल, ते मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात लग्नाची लेक आहे त्यांना ते कळेल.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य वाढलेले आढळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचे आकडे जाहीर केले. विंचूदंशावरील कामामुळे ज्यांचे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तेच हे डॉक्टर. त्यांनी तपासून घेतलेल्या रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. तुलनेसाठी धरलेले प्रमाण होते १.९ मिलिग्रॅम. हा गहू पंजाबकडून आलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, ही गोष्ट माती तपासणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. जमिनीत असले की ते पिकात उतरते. दाण्याच्या आतच असल्यामुळे धुऊन, निवडून किंवा दळून ते जात नाही.

आता जरा हिशेब करू. सेलेनियम हे काही जहाल जहर नव्हे. शरीराला ते लागते, पण रोज फार तर ४०० मायक्रोग्रॅम, त्यापुढे नको. एखाद्याने दिवसभरात ३०० ग्रॅम पीठ खाल्ले आणि ते वर सांगितलेल्या गव्हाचे असले, तर त्याच्या पोटात ४३०० मायक्रोग्रॅमच्या वर जाते. दहा पटींहून जास्त. आणि पोळी मात्र नेहमीसारखीच पांढरी, मऊ, चवीला जशीच्या तशी.

पहिले रुग्ण दिसल्यापासून गव्हाचा आकडा बाहेर येईपर्यंत जवळपास दोन महिने गेले. त्या काळात तवे थंड नव्हते. ताईंचा प्रश्न तिथून आलेला आहे.

थेंबभर म्हणजे किती

आपल्याला विष म्हटले की कीटकनाशकाची बाटली आठवते. अन्नातली काही विषे त्याहून फार बारीक मापाची असतात. ती मोजायला 'पीपीबी' हे माप वापरतात, म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. सोप्या भाषेत सांगायचे तर दहा हजार क्विंटल धान्यात एक ग्रॅम. मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष १५ पीपीबीपेक्षा जास्त नसावे, अशी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादा आहे. शंभर क्विंटल मक्याचा ट्रक भरला, तर त्या अख्ख्या ट्रकात दीडशे मिलिग्रॅमपर्यंत चालेल. चिमटीत मीठ घ्या आणि त्यातले अर्धे परत टाका, साधारण तेवढे. त्याच्या पुढे गेले की माल नापास.

हे डोळ्याला दिसणार नाही, नाकाला कळणार नाही. हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर संशय घ्यावा, हे खरे. पण बुरशी झटकून गेलेल्या दाण्यातही विष राहते, आणि बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असेही नाही. म्हणूनच पट्टीचा जन्म झाला.

हे विष जगाला कळले ते १९६० साली. इंग्लंडमध्ये टर्की जातीची लाखभर कोंबडीवर्गीय पाखरे मेली आणि शोध भुईमुगाच्या ढेपेपाशी जाऊन थांबला. आपल्याकडचा प्रसंग त्याहून वाईट. १९७४ च्या ऑक्टोबरात राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात काढणीच्या मक्यावर अवेळी पाऊस पडला. गरीब भिल्ल कुटुंबांच्या घरात दुसरे धान्य नव्हते. ओला मका तसाच ठेवला गेला आणि तसाच खाल्ला गेला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले. ३९७ जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. तीच भाकरी खाणारी गावची कुत्रीही मेली. त्या मक्यात हे विष १५ पीपीएमपर्यंत आढळले होते, म्हणजे आजच्या मर्यादेच्या हजारपट. केनियात २००४ साली असाच प्रकार होऊन १२५ माणसे गेली, तीही मक्यामुळेच.

मलकापूर, मोताळा, नांदुरा भागातील शेतकरी बंधूंनी हे वाचताना परतीचा पाऊस आठवावा. आपला खरिपाचा मकाही नेमका त्याच दिवसांत वावरात उभा असतो, नाही तर खळ्यावर पडलेला असतो. २०१८ पासून लष्करी अळीही आपल्या मक्यात आली आहे. कणसात तिने भोक पाडले की बुरशीला दार उघडेच.

थोडे थोडे विष रोज पोटात गेले तर माणूस लगेच पडत नाही. यकृत झिजत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. भाजून, उकळून, भाकरी करून हे विष पुरते मरत नाही.

पट्टीच्या पोटात काय असते

गावातील आशाताईंकडे दिवस राहिल्याची खात्री करण्याची पट्टी असते. कोविडच्या वेळी नाकात काडी घालून तपासणी झाली, तीही पट्टीच होती. दाण्याची पट्टी याच घराण्यातली. बोटभर लांबीची, वरून प्लॅस्टिकचे कवच आणि आत टिपकागदासारखा पदर. चहात बिस्किटाचे टोक बुडवले की चहा वर चढतो ना, तसाच द्रव त्या कागदातून आपोआप पुढे सरकतो. त्याला पंप नको, वीज नको. स्वस्ताई आहे ती इथे.

वाटेत या द्रवाला काही गडी भेटतात. ते म्हणजे प्रतिपिंडे. आपल्या अंगात रोगजंतू शिरला की रक्त जी प्रथिने तयार करते, तीच. शास्त्रज्ञ अफ्लाटॉक्सिनचा कण एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून उंदराला किंवा सशाला टोचतात. विषाचा कण एकटा इतका लहान असतो, की शरीर त्याची दखलच घेत नाही, म्हणून त्याला मोठ्याच्या खांद्यावर बसवावे लागते. मग जनावराच्या शरीरात त्या विषालाच धरणारी प्रतिपिंडे तयार होतात. इतर हजार गोष्टी जवळून गेल्या तरी ती हात लावत नाहीत. या गड्यांच्या पाठीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बांधलेले असतात. खामगावच्या चांदीचे नाव आपण ऐकतो. इथे खरोखरीचे सोने असते, पण इतके बारीक की ते पिवळे न दिसता लाल दिसते. पट्टीवरची लाल रेघ त्या सोन्याची. (विकायला निघू नका, एका पट्टीतून हाती काही लागायचे नाही.)

आता नीट लक्ष द्या, कारण फसगत इथेच होते. पट्टीवर दोन जागा असतात. पहिल्या जागी, म्हणजे तपासणीच्या रेघेवर, अफ्लाटॉक्सिनच चिकटवून ठेवलेले असते. दाण्याच्या अर्कात विष नसेल, तर गडी मोकळ्या हाताने येतात, रेघेवरच्या विषाला धरून बसतात आणि तिथे लाल रेघ उमटते. अर्कात विष असेल, तर गड्यांचे हात वाटेतच भरतात. भरल्या हाताने रेघेला कसे धरणार? ते पुढे निघून जातात आणि रेघ उमटत नाही. दुसरी रेघ ताळ्याची असते. ती काहीही झाले तरी उमटलीच पाहिजे, नाही तर पट्टीच खराब.

म्हणजे कोविडच्या पट्टीच्या नेमके उलटे. तिथे दोन रेघा म्हणजे लागण होती. इथे दोन रेघा म्हणजे माल मर्यादेच्या आत, आणि एकटी ताळ्याची रेघ म्हणजे विष जास्त. एका गटाच्या बैठकीत पट्टीवर दोन रेघा दिसताच 'गेलं, गेलं' म्हणून कपाळाला हात लावलेले मी पाहिले आहेत, आणि एका रेघेवर खूश झालेलेही. दुसरी चूक जास्त महाग पडते.

काही पट्ट्यांच्या बाबतीत रेघ किती फिकट झाली ते छोट्या यंत्राने वाचतात आणि आकडा काढतात. डोळ्याने वाचायची पट्टी फक्त 'आत' की 'बाहेर' एवढेच सांगते. आंतरराष्ट्रीय पातळीवर काम करणारी आणि आपल्या शेजारच्या तेलंगणात पटनचेरू येथे असलेली इक्रिसॅट ही संस्था. तिने २०१६ साली भुईमुगासाठी अशी पट्टी तयार केली. १० पीपीबीच्या वरचे विष पंधरा मिनिटांच्या आत दाखवणारी आणि दोन डॉलरच्या आत बसणारी. बाजारात मिळणाऱ्या सगळ्याच पट्ट्या मात्र एवढ्या स्वस्त नाहीत. म्हणून एकट्या शेतकऱ्याने घेण्यापेक्षा गटाने किंवा उत्पादक कंपनीने घ्यावी, असे माझे मत आहे.

पट्टी खोटी, की हात खोटा

माझी एक चूक सांगतो. नोकरीचे दुसरे वर्ष होते. एका गटाचा साठ क्विंटल मका विकायचा होता. गोदामाच्या दाराशी असलेल्या पाच पोत्यांतून मी मूठ-मूठ मका घेतला, दळला आणि पट्टी लावली. दोन रेघा आल्या. "बिनधोक पाठवा," म्हणालो. तिकडे खरेदीदाराने सगळ्या ट्रकातून नमुना काढला आणि माल परत पाठवला. येण्याजाण्याचे भाडे अंगावर पडले. गटाचे म्हातारे अध्यक्ष माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची पट्टी खोटी का आमचा मका खोटा?"

दोन्ही खोटे नव्हते. मागच्या कोपऱ्यात पत्रा गळत होता आणि त्याखालची पोती आतून गरम झाली होती. मी तिकडे गेलोच नव्हतो. आम्ही पोते पोते वेगळे करून पुन्हा तपासले, कोपऱ्यातला माल बाजूला काढला, उरलेला पुढच्या आठवड्यात पास झाला. भाडे मात्र परत आले नाही आणि त्या अध्यक्षांशी डोळे भिडवायला मला वर्ष लागले.

हे विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते, म्हणून असे होते. भुईमुगाच्या एकाच सडक्या दाण्यात दहा लाख पीपीबीपर्यंत विष सापडलेले आहे. आता दहा हजार चांगल्या दाण्यांत असा एकच दाणा मिसळा. सगळा ढीग सरासरीने १०० पीपीबीवर जातो, मर्यादेच्या सहापटींहून जास्त. तुमच्या मुठीत तो दाणा आला तर माल नापास, नाही आला तर पास. पट्टी दोन्ही वेळा खरेच बोलते.

तेव्हा नमुना घेताना कंजूषी नको. प्रत्येक पोत्यात पोकळ सळई घालून वरचा, मधला आणि तळचा दाणा काढावा. मोकळा ढीग असेल तर चारही कडांना, पोटात आणि भिंतीलगत हात घालावा. सगळे मिळून निदान पाच किलो व्हावे. हे पाचही किलो दळावे, नुसते वरवरचे नव्हे, आणि पीठ चांगले कालवून मगच त्यातून पट्टीसोबतच्या कागदावर सांगितले असेल तेवढे वजन करून घ्यावे. वजनाचा काटा खरा असावा. काही पट्ट्यांच्या अर्काला मिथेनॉल लागते. ते पिण्यात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. लेकरांच्या हाती लागू देऊ नका आणि चुलीजवळ उघडू नका. पाण्यावर चालणारी पट्टी मिळाली तर ती घ्यावी. रेघ वाचायची वेळ कागदावर लिहिलेली असते. पाच मिनिटे म्हटले असेल तर पाचच. जेवण करून येऊन वाचलेली पट्टी फेकून द्या.

दुभत्या जनावराचे

सरकीची ढेप पावसाळ्यात जमिनीवर, ओलाव्याला ठेवलेली असते, हे मी गोठ्यागोठ्यात पाहतो. ढेपेतले विष म्हशीच्या पोटात गेले की त्याचा थोडा भाग रूप बदलून दुधात उतरतो. दुधासाठी मर्यादा फार कडक आहे, अर्धा पीपीबी. २०१८ साली देशभरातून दुधाचे ६४३२ नमुने तपासले गेले, त्यांतील ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. पाणी घातलेल्या दुधाचा आपण बोभाटा करतो. हे मात्र प्रामाणिक गवळ्याच्या दुधातही असू शकते, त्याच्या नकळत. यात समाधानाची बाब एवढीच की खराब ढेप बंद केली तर तीन-चार दिवसांत दूध बरेचसे निवळते. बुरसलेला मका 'माणसाला नको, कोंबड्यांना टाका' असे आपण सहज म्हणतो. पाखरांना हे विष माणसाआधी मारते. तो मका कोंबड्यांनाही घालू नका.

पट्टीच्या आधीची बाटली

पट्टी रोग झाल्याचे सांगते. तो होऊ न देण्याचे साधन प्रत्येकाच्या घरात आहे. काचेची कोरडी बाटली घ्या. तिच्या एक तृतीयांशपर्यंत मका भरा, त्यात उन्हात खडखडीत वाळवलेले मीठ दोन-तीन चमचे टाका, बूच लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात १५ टक्क्यांच्या वर ओल आहे; पोत्यात भरू नका, ताडपत्रीवर आणखी ऊन द्या. मीठ तळाशी सुटे राहिले तर ओल त्याच्या आत आहे. साठवणीला मका १२ टक्क्यांच्या आसपास आणि भुईमुगाच्या शेंगा ८ टक्क्यांपर्यंत उतरलेल्या हव्यात, म्हणून मीठ सुटे पडले तरी एक-दोन उन्हे जास्तच द्यावीत. पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर रचावीत. कोपऱ्यातला पत्रा बघावा. मी आता कुठल्याही गोदामात गेलो की आधी वर बघतो.

ताईंच्या गव्हाचे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मक्याच्या पट्टीतले गडी फक्त अफ्लाटॉक्सिनला धरतात. सेलेनियम समोरून गेले तरी त्यांना पत्ता नाही. गव्हावर पट्टी लावली, दोन रेघा उमटल्या आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तर ती पट्टी न लावण्यापेक्षा वाईट. आर्सेनिकसाठी रंग बदलणारा कागद निघालेला आहे. बंगालकडे विहिरींचे पाणी तपासायला तो वापरतात. पण धान्यातील सेलेनियमसाठी गावात बसून खात्रीने वापरावी अशी पट्टी मी तुमच्या हातात देऊ शकत नाही. ते प्रयोगशाळेतील मोठ्या यंत्राचे काम आहे.

मग घरात काय करायचे? दर महिन्याला रेशनचा किंवा बाजारचा गहू आला की डब्यात ओतण्यापूर्वी त्यातला अर्धा किलो कोरड्या स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा. आत चिठ्ठी टाका, त्यावर तारीख, दुकान आणि पावतीचा क्रमांक लिहा. तीन महिने झाले की ती पिशवी दळून खा आणि नवी ठेवा. घरात किंवा शेजारात केस, नखे, पोट किंवा कावीळ यांचे काही एकदम आणि एकाहून जास्त माणसांना सुरू झाले, तर त्या दिवसापासून ते पीठ थांबवा. ज्वारी दुसरीकडून आणलेली असेल तर तिच्या भाकरीवर या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवा आणि ती बांधलेली पिशवी अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तपासणीसाठी द्या. अर्धी द्या, अर्धी घरी ठेवा. पोच घ्यायला विसरू नका.

फोनवर एवढे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे मागच्या म्हैन्याचा गहू आता कोठून आणू?" तो आणता येणार नव्हता. या महिन्याची पिशवी त्यांनी बांधून ठेवली आहे.